सालाची पारख : बर्गंडी आणि गोदाकाठची वाइन निवडताना

कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे मंदिर आहे. असुरांनी कचाची राख मद्यात कालवून ती त्याच्या गुरूलाच पाजली आणि शुद्धीवर आलेल्या शुक्राचार्यांनी मद्यपानाला शाप दिला, ही महाभारताच्या आदिपर्वातील कथा या परिसरात आजही आवर्जून सांगितली जाते. त्याच तालुक्यात गोदावरीच्या कालव्यांवर ऊस पिकतो, साखर कारखान्यांची धुराडी दिसतात आणि मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्याही चालतात. मळीपासून निघालेल्या मद्यार्काला साल नसते. गेल्या हंगामातील मद्यार्क आणि यंदाचा मद्यार्क यांत ग्राहकाला फरक करता येत नाही, तो करण्याची गरजही पडत नाही.

वाइनचे तसे नाही. कोपरगावहून येवलामार्गे नाशिककडे निघाले, की तास-दीड तासात विंचूरचा वाइन पार्क लागतो. पुढे निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षमळे सुरू होतात. तेथील बाटल्यांवर एक साल छापलेले असते. मुंबई-पुण्याच्या दुकानांत फ्रान्समधील बर्गंडी प्रांताच्या बाटल्या दिसतात, त्यांवरही साल असते आणि त्या सालानुसार किंमत कमी-अधिक होते. हे साल नेमके काय सांगते आणि त्यावरून बाटली घ्यावी की ठेवावी हे कसे ठरवावे, याचे विवेचन येथे केले आहे.

साल म्हणजे काय?

बाटलीवरील साल, म्हणजेच ‘व्हिंटेज’, हे द्राक्षे तोडल्याचे वर्ष असते. वाइन बाटलीत भरल्याचे किंवा बाजारात आल्याचे वर्ष ते नव्हे. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार, बाटलीवर साल छापायचे असेल तर आतील वाइनचा किमान ८५ टक्के भाग त्याच वर्षीच्या द्राक्षांचा असावा लागतो. ज्या बाटलीवर साल नाही, तीत अनेक वर्षांच्या वाइनचे मिश्रण असू शकते. फसफसणाऱ्या वाइनमध्ये ही रीत सर्रास आढळते आणि तीत गैर काहीच नाही.

साल हे गुणपत्रक आहे, असा समज रूढ आहे. वास्तविक तो त्या वर्षीच्या हवामानाचा संक्षिप्त अहवाल आहे. द्राक्षांना ऊन किती मिळाले, पाऊस कधी पडला, थंडीने कोंब जळाले का, बुरशी आली का, तोडणी कोरड्यात झाली की चिखलात, एवढे त्यावरून कळते. त्या हवामानातून शेतकऱ्याने आणि वाइन बनवणाऱ्याने काय निभावून नेले, हे मात्र साल सांगत नाही. उत्तम वर्षी निष्काळजी माणसाच्या हातून सुमार वाइन होते आणि कठीण वर्षी कसबी माणूस चांगली वाइन देतो. सालांची तुलना करताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

बर्गंडीची ओळख

बर्गंडी हा फ्रान्सच्या पूर्वेकडील प्रांत. उत्तरेला शाब्ली, मध्ये दीजों शहरापासून दक्षिणेकडे जाणारा ‘कोत द्योर’ हा अरुंद उतार आणि त्याच्याही दक्षिणेला मॅकोंचा परिसर, अशी त्याची ढोबळ रचना आहे. अक्षांश सुमारे ४७ अंश उत्तर. आपले कोपरगाव साधारण २० अंशांवर आहे, यावरून हवामानातील अंतराची कल्पना यावी. तेथे पांढरी वाइन प्रामुख्याने शार्दोने या एका वाणाची आणि तांबडी वाइन पिनो न्वार या एका वाणाची. वाणांचे मिश्रण करून एका वाणाचे अपयश दुसऱ्याने झाकण्याची सोय तेथे फारशी नाही. शिवाय दर्जांकित मळ्यांना पाणी देण्यास मनाई आहे, त्यामुळे जे आकाशातून पडेल तेवढ्यावरच भागवायचे. या दोन कारणांमुळे बर्गंडीत सालाचा प्रभाव इतर अनेक प्रांतांपेक्षा अधिक जाणवतो.

तेथील वाइनची प्रतवारी जमिनीवरून होते. सर्वांत वर ‘ग्रां क्रू’ म्हणजे निवडक ३३ मळे, त्याखाली ‘प्रेमिए क्रू’, त्याखाली गावाच्या नावाची वाइन आणि तळाशी केवळ ‘बुर्गोन्य’ एवढेच नाव असलेली प्रांतिक वाइन. ‘क्लिमा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील शेकडो लहान-लहान तुकड्यांना युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. वाइन जितकी वरच्या प्रतीची, तितके तिचे उत्पादन तुटपुंजे आणि किंमत चढी. ग्रां क्रू मळ्यांचा वाटा एकूण उत्पादनाच्या शेकडा एक-दोन एवढाच भरतो.

या प्रांताचे हवामान बदलले आहे, यालाही कागदोपत्री पुरावा आहे. बोन या गावातील द्राक्षतोडणीच्या तारखांची १३५४ ते २०१८ पर्यंतची मालिका संशोधकांनी जुळवून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. १९८८ नंतर तेथील तोडणी त्यापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस अगोदर होऊ लागली आहे. पूर्वी बर्गंडीत द्राक्षे पिकतील की नाही याची चिंता असे. आता फार लवकर पिकण्याची आणि कोंब लवकर फुटल्याने एप्रिलच्या थंडीत जळण्याची चिंता वाढली आहे. पुढील दहा वर्षांच्या आढाव्यात या दोन्ही चिंता पुन्हा पुन्हा दिसतील.

दहा वर्षांचा आढावा

२०१५ : उष्ण आणि कोरडा उन्हाळा. द्राक्षे निरोगी आणि पूर्ण पिकलेली. तांबड्या वाइनसाठी हे वर्ष आरंभापासून नावाजले गेले. पांढऱ्या वाइन भरदार, पण आम्लता काहीशी मवाळ.

२०१६ : एप्रिलच्या अखेरीस पडलेल्या दहिवराने अनेक मळ्यांचे कोंब जळाले आणि पुढे दमट हवेत केवडा पसरला. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हाने उरलेले पीक सावरले. माल थोडा, पण तांबड्या वाइन ताज्या आणि रेखीव.

२०१७ : पुन्हा दहिवराची भीती होती. कोत द्योरच्या शेतकऱ्यांनी पहाटे ओला पेंढा पेटवून मळ्यांवर धुराचे आच्छादन धरले. पीक भरपूर आले. तांबड्या वाइन लवकर पिण्याजोग्या, पांढऱ्या विशेष समतोल.

२०१८ : अतिशय उष्ण आणि तरीही उत्पादन मोठे. साखर अधिक, म्हणून मद्यांश अधिक. तांबड्या वाइनमध्ये उत्पादकानुसार मोठा फरक आढळतो. पांढऱ्या वाइन फार काळ ठेवण्याजोग्या नाहीत.

२०१९ : उष्णता आणि दुष्काळ यांमुळे पीक घटले, परंतु मण्यांतील रस घट्ट झाला आणि आम्लताही टिकली. तांबड्या व पांढऱ्या, दोहोंसाठी मान्यता पावलेले वर्ष.

२०२० : तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. कोरडे, लवकर पिकलेले वर्ष. पांढऱ्या वाइन उन्हाळ्याच्या मानाने आश्चर्यकारक ताज्या, तांबड्या गडद आणि ठेवण्याजोग्या.

२०२१ : एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातील सलग थंड रात्रींनी शार्दोनेच्या लवकर फुटलेल्या कोंबांचा घास घेतला. पुढे पावसाळी, थंड उन्हाळा. पीक साधारण निम्म्यावर आले. तांबड्या वाइन फिकट, हलक्या, कमी मद्यांशाच्या, जुन्या वळणाच्या.

२०२२ : उष्ण व कोरडे वर्ष, पण जूनच्या अखेरीस झालेल्या पावसाने वेली तगल्या. पीक चांगले आणि दर्जाही चांगला, असा दुर्मीळ योग. दोन्ही रंगांच्या वाइन तारुण्यातही रुचकर.

२०२३ : पीक अतिशय मोठे. तोडणीच्या सुमारास उष्णतेची लाट आली. ज्यांनी घड विरळ केले आणि निवड काटेकोर केली त्यांची वाइन चांगली, बाकीच्यांची पातळ. पांढरी तांबडीपेक्षा अधिक भरवशाची.

२०२४ : सतत पाऊस, केवड्याचा जबर प्रादुर्भाव आणि शाब्लीत दहिवर व गारपीट. विशेषतः उत्तरेकडील ‘कोत द न्वी’मधील पिनो न्वारचे पीक फार घटले. वाइन हलक्या आणि माल अत्यल्प.

किंमत आणि दर्जा : लासलगावचा धडा

वरील यादी वाचून कोणालाही असे वाटेल, की २०२१ आणि २०२४ या कठीण वर्षांच्या बाटल्या स्वस्त मिळत असतील. बर्गंडीत असे घडत नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव चढतो तो कांदा अधिक गोड झाला म्हणून नव्हे, आवक घटली म्हणून. बर्गंडीतही हाच न्याय चालतो. २०२१ मध्ये पीक निम्मे झाले आणि मागणी मात्र तशीच राहिली, तेव्हा किंमती चढ्याच राहिल्या. उलट २०२२ आणि २०२३ या दोन भरघोस वर्षांमुळे व्यापाऱ्यांकडे साठा झाला. ग्राहकाला घासाघीस करण्याची संधी अशाच वर्षांत असते.

यातून एक सरळ निष्कर्ष निघतो. बर्गंडीचा पहिला अनुभव घेणाऱ्याने २०२२ हे साल शोधावे. पांढरी हवी असेल तर २०२० आणि २०२२ यांपैकी जे मिळेल ते, आणि लगेच पिण्यासाठी २०२३ घेण्यासही हरकत नाही. तांबडी काही वर्षे ठेवायची असेल आणि ठेवण्याची योग्य सोय असेल, तर २०१९ आणि २०२० ही वर्षे अग्रक्रमाची. २०१७ ची तांबडी ठेवण्यात अर्थ नाही, ती पिऊन टाकावी. २०२१ ची तांबडी विश्वासू उत्पादकाची असेल तर हलक्या जेवणाबरोबर आनंद देते, मात्र तिच्यासाठी २०१९ एवढी किंमत मोजू नये. २०२४ साठी घाई करण्याचे कारण नाही.

प्रसिद्ध गावांच्या नावापायी खिसा रिकामा करण्यापेक्षा शेजारच्या गावांकडे वळणे शहाणपणाचे ठरते. पांढऱ्यासाठी सां-व्हेरां, मॅकोंच्या आसपासची गावे आणि रुली, तर तांबड्यासाठी मार्सने, साविन्यी, जिव्री आणि मर्क्युरे ही नावे लक्षात ठेवावीत. म्यर्सो किंवा जेव्हरे-शांबर्तां यांच्या तुलनेत ती बरीच परवडतात. चांगल्या उत्पादकाची साधी ‘बुर्गोन्य’ बाटली अनोळखी उत्पादकाच्या नामांकित मळ्यापेक्षा अनेकदा सरस असते.

जुन्या पांढऱ्या बर्गंडीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अनेक नामवंत बाटल्यांतील वाइन अपेक्षेपेक्षा फार लवकर हवेने बिघडून पिवळसर-तपकिरी होऊ लागल्याचे निदर्शनास आले. बुचाचा दर्जा, गंधकाचे घटलेले प्रमाण, रस काढण्याच्या बदललेल्या पद्धती अशी अनेक कारणे सांगितली गेली. म्हणून दहा वर्षांहून जुनी पांढरी बर्गंडी केवळ सालाच्या कीर्तीवर विसंबून घेऊ नये.

गोदाकाठचे पंचांग वेगळे

हेच गणित नाशिकच्या बाटलीला लावले, की उत्तर चुकते. कारण येथील द्राक्षवेलीचे वर्षच निराळे आहे.

बर्गंडीत वेल हिवाळाभर झोपते, एप्रिलमध्ये फुटते आणि सप्टेंबरच्या आसपास फळ देते. सगळा हिशेब एकाच कॅलेंडर वर्षात पुरा होतो. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडी नाही, म्हणून तिला छाटणीने वळण लावावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, त्यातून काड्या तयार होतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढील घडांची बीजे धरतात. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि त्यानंतर धरलेले फळ साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडले जाते. म्हणजे नाशिकच्या बाटलीवर २०२४ छापलेले असेल, तर तीतील द्राक्षांनी २०२३ चा पावसाळा आणि हिवाळ्याचा आरंभ सोसलेला असतो. नाशिकचे साल वाचताना आदल्या वर्षाचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवावा, हा पहिला नियम.

या नियमाने पाहिले, की काही वर्षे चटकन उलगडतात. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळाच्या पावसाने फुलोऱ्यातील बागांवर केवडा पसरला. त्याचा फटका बसला तो २०१० च्या तोडणीला. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीस आणि मार्चमध्ये गारपिटीने ऐन तोडणीत राज्यभर बागा झोडपल्या, तर त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील गारपीट २०१५ च्या खात्यावर पडली. २०१९ मध्ये ऑक्टोबर व नोव्हेंबरभर लांबलेल्या पावसाने २०२० चे पीक घटवले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड परिसरात गारांचा मारा झाला. ती जखम २०२४ च्या सालाखाली वाचावी लागते. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत रेंगाळला. खरड छाटणीनंतर काडीला जे ऊन लागते तेच मिळाले नाही, म्हणून घडांची संख्या मुळातच कमी राहिली. त्याचा परिणाम २०२६ च्या तोडणीत दिसतो.

मात्र येथे एक फरक ध्यानात घ्यावा. बर्गंडीतील शेतकऱ्यास पाणी देता येत नाही, आपल्याकडे ठिबक सिंचन आहे. जानेवारी ते मार्च हा काळ एरवी कोरडा असतो, त्यामुळे तोडणीच्या वेळचा पाऊस हा अपवाद. परिणामी नाशिकच्या वाइनमध्ये सालागणिक पडणारा फरक बर्गंडीएवढा तीव्र नसतो. अवकाळीचे वर्ष वगळले, तर एका सालाची वाइन दुसऱ्या सालाच्या वाइनला बरीचशी जवळ असते. प्रश्न वेगळाच असतो. बर्गंडीत थंड वर्षी द्राक्षांत साखर अपुरी पडते, तेव्हा आंबवण्यापूर्वी रसात साखर मिसळण्यास परवानगी असते. नेपोलियनचा मंत्री चाप्ताल याने १८०१ मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केला आणि तिला त्याचेच नाव चिकटले. आपल्या उन्हात साखरेची वाण कधीच नसते. येथे आम्लता लवकर घटते, म्हणून पहाटेच्या गारव्यात तोडणी, झटपट थंड करणे आणि आवश्यकतेनुसार टार्टारिक आम्ल मिसळणे, असे उपाय योजावे लागतात. तेथे उणीव साखरेची आणि येथे आम्लाची. म्हणूनच येथील पांढरी वाइन ताजेपणीच प्यावी.

नाशिक परिसरातील निवड

महाराष्ट्रातील आधुनिक वाइनचा इतिहास चार दशकांचा आहे. शामराव चौगुले यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात नारायणगाव येथे फसफसणारी वाइन तयार होऊ लागली. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये आली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्कची आखणी झाली. ‘नाशिक व्हॅली’ या नावाने येथील वाइनला भौगोलिक निर्देशांकही लाभला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या फ्रातेल्ली कंपनीने अकलूज परिसरात मळे लावले. बर्गंडीचा शार्दोने वाण महाराष्ट्राच्या मातीत कसा उतरतो, हे पाहू इच्छिणाऱ्यांनी तिची बाटली घेऊन पाहावी.

पांढरी वाइन घेताना, म्हणजे सोव्हिन्याँ ब्लाँ अथवा चेनिन ब्लाँ घेताना, नियम एकच : सर्वांत ताजे साल. तोडणीपासून दीड-दोन वर्षांच्या आतील बाटली असावी. तीन वर्षांपूर्वीची बाटली सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत कशासाठी आहे हे समजून घ्यावे. गुलाबी वाइनलाही हाच नियम. साध्या तांबड्या वाइनला दोन-तीन वर्षांची मुदत धरावी. ओकच्या पिंपात मुरवलेल्या वरच्या श्रेणीच्या तांबड्या वाइन, उदाहरणार्थ सुलाची ‘रासा’ शिराझ किंवा फ्रातेल्लीची ‘सेट्टे’, काही वर्षे टिकतात. त्यांच्याबाबतीतच सालांची तुलना करणे सार्थ ठरते.

बाटलीच्या मागील चिठ्ठीवरील भरणीचा महिना आणि पुढील साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नये. अनेक स्वस्त बाटल्यांवर साल नसतेच. अशा वेळी भरणीचा महिना हाच ताजेपणाचा एकमेव निदर्शक उरतो.

शुल्क, दुकान आणि साठवण

बर्गंडीची जी बाटली फ्रान्समध्ये माफक वाटते, ती येथे येईपर्यंत दुपटी-तिपटीने महागते. आयात वाइनवरील सीमाशुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिले आणि त्यावर राज्याचे कर व मध्यस्थांचा नफा चढत गेला. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून तेथील ठराविक किंमतीवरील वाइनचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागले. युरोपीय महासंघाशी झालेल्या, जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालेल्या मुक्त व्यापार करारातही वाइनवरील शुल्कात टप्प्याटप्प्याने कपात करण्याचे ठरले. म्हणून महागडी बर्गंडी साठवण्यासाठी घेणाऱ्याने त्या वेळी लागू असलेले शुल्क विचारूनच निर्णय घ्यावा. आज चढ्या शुल्कात घेतलेल्या बाटलीचे मोल उद्या शुल्क उतरल्यावर टिकेलच असे नाही.

महाराष्ट्रात वाइन आणि बिअर यांसाठी किमान वय २१ आहे, अन्य मद्यांसाठी २५. किराणा व सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथून अण्णा हजारे यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो निर्णय अंमलात आला नाही. त्यामुळे खरेदी परवानाधारक दुकानातून किंवा थेट वायनरीतून करावी लागते. नाशिकच्या बाटलीसाठी वायनरीतून खरेदी करणे केव्हाही चांगले. तेथे बाटली उन्हात उभी राहिलेली नसते आणि अनेक ठिकाणी चव घेऊन निवडता येते.

साठवणीचा मुद्दा सालापेक्षाही महत्त्वाचा आहे. वाइन १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात, अंधारात, आडवी ठेवावी असा संकेत आहे. कोपरगावसारख्या गावात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वीजही अधूनमधून जाते. अशा घरात माळ्यावर ठेवलेली २०१९ ची बर्गंडी एका उन्हाळ्यात सुमार होते. दुकानाच्या काचेच्या कपाटात दिव्याखाली महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या बाटलीचीही तीच गत. ज्यांच्याकडे वाइनसाठी थंड कपाट नाही, त्यांनी ठेवण्याचा विचार सोडावा. लवकर पिण्याजोग्या सालाची बाटली आणावी आणि काही आठवड्यांत संपवावी.

खरेदीपूर्वीचे सहा प्रश्न

१. बाटली केव्हा उघडायची आहे? या महिन्यात उघडायची असेल, तर ठेवण्याजोग्या महागड्या सालाचा उपयोग नाही.

२. रंग कोणता? नाशिकची पांढरी असेल तर ताजे साल, बर्गंडीची पांढरी असेल तर २०२० अथवा २०२२ पाहावे.

३. उत्पादक कोण? त्याच्या दोन-तीन सालांच्या वाइनचा अनुभव हा कोणत्याही कोष्टकापेक्षा भरवशाचा.

४. बाटली आजवर कोठे होती? दुकान थंड आहे का, बूच वर आले आहे का, बाटलीच्या मानेतील पातळी खाली गेली आहे का, हे पाहावे. आयात बाटलीवर आयातदाराची चिठ्ठी असावी.

५. किंमत दर्जाची आहे की टंचाईची? २०२१ आणि २०२४ च्या बर्गंडीबाबत हा प्रश्न हटकून विचारावा.

६. सर्वांत शेवटी, साल कोणते? वरील पाच उत्तरे मिळाल्यावर सालाचा अर्थ आपोआप लागतो.

सालामागचा शेतकरी

ग्राहक चांगल्या सालाचाच हट्ट धरतो तेव्हा कठीण सालाचा भार कोणावर पडतो, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. २००८ मधील जागतिक मंदी आणि मुंबईवरील हल्ला यांनंतर वाइनची मागणी एकाएकी ओसरली, वायनऱ्यांकडे साठा पडून राहिला आणि वाइनची द्राक्षे कोणी घेईना. खाण्याच्या द्राक्षांप्रमाणे ती बाजार समितीत नेऊन विकता येत नाहीत, कारण मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा. नाशिक जिल्ह्यात अनेकांनी त्या वेली उपटून टाकल्या. लावलेली वेल चांगली वाइन देऊ लागण्यास काही वर्षे जातात, उपटण्यास एक दिवस पुरतो.

बर्गंडीतील शेतकऱ्याला एका वाईट वर्षानंतरही ग्राहक सोडून जात नाही. तेथील नियमित ग्राहक उत्पादकाला धरून राहतो आणि २०१९ प्रमाणे २०२१ च्याही काही बाटल्या घेतो. प्रत्येक साल त्याला त्या मळ्याविषयी निराळे काही सांगते. गोदाकाठची वाइन अजून तरुण आहे. तिलाही असा ग्राहक हवा आहे, जो अवकाळीच्या वर्षी बाटली तपासून, योग्य दर ठरवून घेईल आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्याच दाराशी येईल.